गुंतागुंतीनंतर शल्यचिकित्सक बदलावा का? बॅरिअ‍ॅट्रिक शल्यचिकित्सकांना एक खुले पत्र

महाराष्ट्रातील बॅरिअ‍ॅट्रिक शल्यचिकित्सकांस,



वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही बिघडले, म्हणजे जठराची शिवण गळू लागली, उलट्या थांबेनात किंवा वर्षभराने छातीतली जळजळ झोपू देईना, की रुग्णाच्या घरात एक चर्चा सुरू होते आणि ती बहुधा डॉक्टरांच्या कानावर जाऊ नये अशा बेताने चालते: ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडेच राहायचे की दुसऱ्या शल्यचिकित्सकाकडे जायचे. हा निर्णय मुळात वैद्यकीय आहे. गुंतागुंत कोणती, ती कोणत्या टप्प्यावर आहे आणि ती निस्तरण्याची साधने व सवय कोणाकडे आहे, एवढ्यावर तो ठरायला हवा. प्रत्यक्षात तो भीड, उपकाराची भावना, आधीच खर्च झालेला पैसा आणि डॉक्टर दुखावले तर पुढे कोण बघणार ही धास्ती यांवर ठरतो. हे पत्र रुग्णांना न लिहिता आपणांस लिहिले जात आहे, कारण निर्णय रुग्णाच्या नावावर असला तरी तो घेण्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी माहिती आपल्या फायलीत असते.

आपल्या शास्त्राविषयी अविश्वास पसरवणे हा या पत्राचा हेतू नाही. आज सर्वाधिक केल्या जाणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग स्टेपलरने, म्हणजे एकाच वेळी कापणाऱ्या आणि धातूच्या पिनांनी शिवणाऱ्या उपकरणाने, वेगळा करून काढला जातो आणि उरते ती एक अरुंद नळी; बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडली जाते. एवढी मोठी उलथापालथ करूनही या शस्त्रक्रिया सुरक्षित आहेत. अमेरिकेतील दहा केंद्रांतील रुग्णांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के होते आणि मधुमेह, निद्राश्वसनरोध, सांधेदुखी यांनी गांजलेल्या माणसाला तेवढी जोखीम पत्करणे अनेकदा शहाणपणाचेच ठरते.

गुंतागुंत झाली म्हणजे चूक झाली असेही नव्हे. स्लीव्हनंतर स्टेपलरच्या रेषेतून जठरातील द्रव पोटात झिरपणे, ज्याला आपल्या व्यवहारात सरसकट 'लीक' म्हणतात, त्याचे प्रमाण सुमारे पाच हजार रुग्णांच्या प्रकाशित नोंदी एकत्र करणाऱ्या २०१२ च्या आढाव्यात २.४ टक्के आढळले होते. ही गळती बहुतेक वेळा अन्ननलिका जठराला मिळते त्या वरच्या टोकाशी होते, कारण तेथे आतला दाब जास्त आणि रक्तपुरवठा बेताचा असतो. निष्णात हातांनाही ती कधी ना कधी भेटतेच. म्हणून केवळ लीक झाली एवढ्यावरून शल्यचिकित्सक बदलणारे कुटुंब स्वतःचे नुकसान करून घेण्याचा संभव असतो: पहिल्या शल्यचिकित्सकाने ते पोट आतून पाहिलेले असते, स्टेपलर कुठे नीट बसला नाही, कुठून रक्त आले, यकृत किती मोठे होते आणि त्याने वाट कशी अडवली हे त्याला ठाऊक असते, आणि नव्या माणसाला हे सारे पुन्हा अंधारात चाचपावे लागते. पहिल्याकडेच राहण्याच्या बाजूने असलेला हा युक्तिवाद बळकट आहे. परंतु आपल्यापैकी अनेक जण तो रुग्णापुढे मांडतच नाहीत. 'आमच्यावर विश्वास नाही का' एवढेच विचारतात, आणि शास्त्राने जिंकता आला असता असा मुद्दा रागाने हरतात.

ज्या दोन अभ्यासांनी या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी बदलायला हवी होती ते आपल्या व्यवसायात सर्वश्रुत आहेत, पण रुग्णाला ते कोणी सांगत नाही. पहिला २००९ चा, अमेरिकेतील मोठ्या शस्त्रक्रियांवरचा. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांची तुलना केली असता गुंतागुंतीचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखे, २४.६ आणि २६.९ टक्के, निघाले. फरक होता तो गंभीर गुंतागुंत झालेल्यांपैकी किती दगावले यात, एकीकडे १२.५ टक्के आणि दुसरीकडे २१.४ टक्के. म्हणजे चांगले रुग्णालय ओळखायचे ते तेथे काही बिघडत नाही यावरून नव्हे, तर बिघडल्यावर ते किती लवकर ओळखले आणि सावरले जाते यावरून. दुसरा अभ्यास २०१३ चा, मिशिगन राज्यातील वीस बॅरिअ‍ॅट्रिक शल्यचिकित्सकांचा. प्रत्येकाने आपल्या एका बायपास शस्त्रक्रियेची चित्रफीत दिली आणि कोणाची कोणती हे न कळता सहव्यावसायिकांनी त्यांना गुण दिले. तळच्या गटाच्या रुग्णांत गुंतागुंत १४.५ टक्के आणि वरच्या गटाच्या रुग्णांत ५.२ टक्के होती. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की हाताचे कसब महत्त्वाचे आहेच, पण पोटात आग पेटल्यानंतरच्या तासांत रुग्णालयाची यंत्रणा त्याहून निर्णायक ठरू शकते, हे मान्य करावे लागते. आणि शल्यचिकित्सक बदलण्याच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा या दुसऱ्या भागात असते.

येथे पहिली तक्रार नोंदवावी लागते. स्लीव्हनंतर रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो आणि बहुतेक लीक घरी गेल्यावर उघड होतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखतो, म्हणून 'गॅसमुळे आहे, चालत राहा' हे उत्तर त्या वेळी बरोबर असते. तेच उत्तर सातव्या दिवशी, डावा खांदा दुखत असताना, नाडी एकशेवीसच्या वर आणि अंगात कणकण असताना दिले जाते तेव्हा ते घातक ठरते, कारण त्या दिवशी खांद्याचे दुखणे श्वासपटलाखाली साचलेल्या द्रवाचे असू शकते आणि स्थूल शरीरात पोट दाबून काही कळत नसल्यामुळे वाढलेली नाडी हीच सर्वांत भरवशाची खूण असते. हे उत्तर देणारा आवाज बहुधा शल्यचिकित्सकाचा नसतो. तो रुग्ण आणण्यासाठी, पॅकेज समजावण्यासाठी आणि आहाराचा तक्ता पाठवण्यासाठी नेमलेल्या समन्वयकाचा असतो. शस्त्रक्रियेआधी दिवसातून दोनदा उचलला जाणारा फोन शस्त्रक्रियेनंतर त्या एका व्यक्तीवर येऊन थांबावा, ही व्यवस्था आपणच घडवली आहे. प्रत्येक रुग्णाला घरी जाताना नाडी मोजायला शिकवावी, ती कितीच्या वर गेली तर कोणत्याही परवानगीची वाट न पाहता कुठे पोहोचायचे ते मराठीत लिहून द्यावे आणि त्या कागदावर शल्यचिकित्सकाचा स्वतःचा क्रमांक असावा, एवढी ही मागणी आहे.

याला जोडूनच दुसरी बाब येते, आणि ती बोलून दाखवायला आपल्या संघटनाही कचरतात. मुंबई-पुण्याचे शल्यचिकित्सक जिल्ह्याच्या ठिकाणी 'व्हिजिटिंग' म्हणून जातात, एका दिवसात काही शस्त्रक्रिया उरकतात आणि परततात. लातूरच्या किंवा जळगावच्या रुग्णाला यामुळे प्रवास वाचतो हे खरे. पण लीक झाली तर आधी सी.टी. स्कॅन, मग पोटात साचलेला पू बाहेर काढणारी नळी, मग एंडोस्कोपीतून म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून बसवायचा स्टेंट, कित्येक आठवडे आतड्यात थेट नळीने दिले जाणारे अन्न आणि या सगळ्यामागे चोवीस तास जागा असलेला अतिदक्षता विभाग, हे सर्व जेथे शस्त्रक्रिया झाली तेथे नसते. अशा वेळी रुग्णाला हलवणे भाग असते आणि शल्यचिकित्सक बदलावा का हा प्रश्न विचारण्याची वेळच निघून गेलेली असते. जेथे गुंतागुंत निस्तरता येत नाही तेथे शस्त्रक्रिया करू नये; करायचीच असेल तर काही झाल्यास रुग्ण कोणत्या रुग्णालयात आणि कोणाच्या हाती जाईल हे संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी सांगावे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात संमतीसाठी पुरेशी माहिती देणे हे डॉक्टरांचे कर्तव्य ठरवले आहे, आणि बिघडले तर पुढे कोण पाहणार यापेक्षा अधिक पुरेशी माहिती कोणती असू शकेल?

शल्यचिकित्सक बदलू पाहणाऱ्या रुग्णाची खरी कोंडी मात्र कागदांवर होते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यावर वैद्यकीय नोंदी बहात्तर तासांत द्याव्या लागतात. २०२३ मध्ये आलेली नवी नियमावली त्याच महिन्यात स्थगित झाल्याने जुनीच लागू आहे. हाती पडते ते बहुधा डिस्चार्ज कार्ड, ज्यात शस्त्रक्रियेविषयी दोन ओळी असतात: लॅप्रोस्कोपिक स्लीव्ह केली, त्यानंतरचा काळ सुरळीत गेला. हे वाक्य प्रत्येक कार्डावर सारखेच असते. ज्याचा काळ सुरळीत गेला नाही त्याच्याही. दुसऱ्या शल्यचिकित्सकाला लागते ती शस्त्रक्रियेची तपशीलवार टिपणी. जठराची नळी किती जाडीच्या मापनळीवर शिवली, कारण नळी फार अरुंद असेल तर मधल्या वळणावर ती आवळली जाते आणि वरचा दाब वाढून लीक भरून येत नाही. जठराच्या खालच्या दारापासून किती अंतरावर कापायला सुरुवात केली. कोणत्या उंचीच्या पिना वापरल्या आणि कुठे बदलल्या. रेषेवरून वेगळे टाके घातले का. निळे औषध किंवा हवा सोडून शिवण तपासली का. श्वासपटलातील हर्निया होता का आणि तो दुरुस्त केला का. बायपास असेल तर आतड्याची कोणती भुजा किती सेंटीमीटर ठेवली, कारण कुपोषणाचे उत्तर पुष्कळदा त्या एका आकड्यात दडलेले असते, आणि आतड्याच्या पडद्यातील फटी बंद केल्या की नाही, कारण उघड्या राहिलेल्या फटीत वर्षांनंतर आतडे अडकू शकते.

हे सारे आपल्याला तोंडपाठ असते, आणि अनेकदा संपूर्ण शस्त्रक्रियेची चित्रफीतही उपलब्ध असते. तीच चित्रफीत परिषदेत मोठ्या पडद्यावर दाखवली जाते, समाजमाध्यमांवर संगीतासह फिरते, आणि ज्याच्या पोटाची ती आहे त्याने मागितली की 'तशी पद्धत नाही' असे ऐकायला मिळते! टिपणी आणि चित्रफीत घरी जाण्याच्या दिवशीच न मागता दिली, तर कागद मागणे म्हणजे भांडण काढणे हा आज रूढ झालेला अर्थ आपोआप गळून पडेल.

उशिरा येणाऱ्या गुंतागुंतींचा हिशेब वेगळा आहे. स्लीव्हनंतरचा आम्लप्रवाह, म्हणजे जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर येणे, औषधांनी आवरत नसेल तर स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर हा मान्य मार्ग आहे. त्यासाठी घाई नसते, दोघा-तिघांची मते घेता येतात, आणि पुनर्शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असल्याने ती नेहमी करणाऱ्याकडेच जाणे योग्य ठरते. जो शल्यचिकित्सक मुख्यतः स्लीव्हच करतो त्याने हे स्वतःहून सांगण्यात कमीपणा नाही. त्याऐवजी रुग्णाने काय ऐकावे? 'पथ्य पाळले नाही.' वजन पुन्हा वाढले तरी पथ्य, जळजळ झाली तरी पथ्य, उलट्या झाल्या तरी पथ्य. यांपैकी उलट्यांच्या बाबतीत हे उत्तर निव्वळ अवैज्ञानिक नव्हे तर धोक्याचे आहे: आठवडे न थांबणाऱ्या उलट्यांनी शरीरातील थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, संपते आणि डोळ्यांची हालचाल, तोल व स्मृती यांवर आघात करणारा मेंदूचा विकार होऊ शकतो, अशा रुग्णाला थायमिन न देता ग्लुकोजची सलाइन लावली तर तो विकार उफाळतो. गावातल्या डॉक्टरांना हे माहीत असेलच असे नाही, आणि नेमकी तीच सलाइन सर्वांत आधी लावली जाते. येथे रुग्णाला दुसरा शल्यचिकित्सक नव्हे, तर वेळेवर एक इंजेक्शन आणि आवळलेली नळी शोधणारी एंडोस्कोपी हवी असते. बायपास झालेल्या रुग्णाने खिशात बाळगायचे एक कार्डही असावे, ज्यावर कोणती जोडणी झाली आहे आणि पोटात अचानक कळा आल्या तर आतडे अडकल्याचा विचार करावा असे लिहिलेले असेल. तालुक्याच्या ठिकाणी रात्री दोन वाजता त्या कळांना 'अ‍ॅसिडिटी' म्हटले जाऊ नये यासाठी एवढे पुरेसे आहे.

आता दुसऱ्या शल्यचिकित्सकाविषयी, म्हणजे पुन्हा आपल्याविषयीच, कारण आज एकाचा पहिला असलेला उद्या दुसऱ्याचा दुसरा असतो. रुग्ण फाइल घेऊन येतो तेव्हा दोन प्रकारची वागणूक दिसते. काही जण 'दुसऱ्याची केस' म्हणून हात लावत नाहीत. १९९५ पासून ग्राहक कायद्याच्या कक्षेत आलेल्या व्यवसायाला दुसऱ्याच्या गुंतागुंतीत आपले नाव अडकण्याची वाटणारी भीती समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत रुग्णाने मोजावी हे समजण्यासारखे नाही. काही जण उलट टोकाला जातात आणि पहिल्याने सगळे कसे बिघडवले हे टिपणी न वाचताच रंगवून सांगतात. या बोलण्याने कुटुंब खटल्याच्या वाटेला लागते, पहिला शल्यचिकित्सक बचावात शिरतो आणि त्याच्या डोक्यात असलेली माहिती कायमची बंद होते. दोन्ही टाळण्याचा उपाय एकच आहे: रुग्ण तपासल्यावर, त्याच्या संमतीने आणि शक्यतो त्याच्यासमोर, पहिल्या शल्यचिकित्सकाला फोन करावा. हा फोन जेथे होतो तेथे पुष्कळदा शल्यचिकित्सक बदलण्याची गरजही उरत नाही, कारण दोघे मिळून काय करायचे ते ठरते.

रुग्णाला हलवायचे ठरले तर 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज' या छापील कागदावर सही घेण्याची प्रथा आहे. सल्ल्याविरुद्ध जाणारा आणि दुसऱ्या सक्षम रुग्णालयाच्या सल्ल्याने जाणारा यांत भेद न करता एकच शिक्का मारला जातो, आणि कुटुंबाच्या मनात आता विमा कंपनी काय म्हणेल, वाटेत काही झाले तर दोष आपलाच, अशी धास्ती बसते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क आणि योग्य रीतीने दुसरीकडे पाठवले जाण्याचा हक्क स्पष्ट आहे. महाराष्ट्राच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे रुग्णालयांवर बंधनकारक केले आहे. ती सनद स्वागतकक्षात टांगलेली आणि तो छापील कागद आतल्या टेबलावर, असे दृश्य एकाच इमारतीत दिसते. रक्तदाब अस्थिर असलेल्या रुग्णाला हलवू नये हा आपला सल्ला योग्यच असतो, पण त्या वेळी दुसऱ्या शल्यचिकित्सकाला रुग्णाकडे बोलावणे हा पर्याय कुटुंबापुढे का ठेवला जात नाही? इजिप्तहून मुंबईत आणलेल्या अतिस्थूल रुग्णाच्या बाबतीत २०१७ मध्ये कुटुंब आणि डॉक्टर यांच्यातला वाद वृत्तवाहिन्यांवर गेला आणि अखेर रुग्णाला अबू धाबीला हलवण्यात आले. कोण बरोबर हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, बिनसलेल्या विश्वासासाठी आपल्याकडे ठरलेली कार्यपद्धती नाही हे त्या वेळी साऱ्या देशाने पाहिले.

पैशाबद्दल थोडक्यात. पॅकेजमध्ये गुंतागुंतीचा खर्च धरलेला नसतो हे कुटुंबाला गुंतागुंतीच्या दिवशी कळते. विमा नियामकाच्या नियमांनुसार स्थूलतेच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी उंचीच्या प्रमाणातील वजन दाखवणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, चाळीस किंवा गंभीर सहव्याधींसह पस्तीस लागतो. आपल्या व्यवसायातील भारतीय निकष याहून खालचे असल्याने अनेक जण स्वतःच्या खिशातून खर्च करतात. असा रुग्ण 'इथेच राहिलात तर सवलत देऊ' या आश्वासनाने थांबतो. सवलत देणे चांगलेच, पण ती राहण्याची अट बनली की सल्ला निखळ राहत नाही.

प्रत्येक गुंतागुंतीत पहिल्या शल्यचिकित्सकाने कुटुंबाला बसवून चार प्रश्नांची उत्तरे, न विचारताही, द्यावीत ही या पत्राची मुख्य विनंती आहे: नेमके काय झाले आहे, अशी गुंतागुंत आपण यापूर्वी किती वेळा हाताळली, पुढील काही दिवसांत काय घडले तर उपाय लागू पडत नाही असे मानायचे, आणि तसे झाले तर रुग्ण कोणाकडे पाठवायचा. तिसरे उत्तर सर्वांत मोलाचे आहे, कारण 'अजून थोडे थांबू' या वाक्याला त्याने मुदत पडते. ज्याने ही उत्तरे दिली त्याच्याकडे राहणे बहुतेक रुग्णांच्या हिताचे असेल. ज्याने ती टाळली त्याला सोडताना कोणी अपराधी वाटून घेऊ नये.

संघटना म्हणून आपल्याकडून आणखी एक अपेक्षा आहे. ब्रिटनमध्ये २०१३ मध्ये बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियांची शल्यचिकित्सकनिहाय माहिती जाहीर करायला सुरुवात झाली; तेथेही सुरुवातीला अवघड रुग्ण नाकारले जातील अशी हरकत घेतली गेली होती आणि ती हरकत पोकळ नाही, म्हणून रुग्णाची मूळ जोखीम लक्षात घेऊनच आकडे मांडावे लागतात. आपल्याकडे एवढे होईपर्यंत निदान एक साधा प्रपत्र-नमुना तयार करता येईल: रुग्ण एका शल्यचिकित्सकाकडून दुसऱ्याकडे जाताना भरायचा, दोन पानांचा, मराठीत आणि इंग्रजीत, ज्यात वर सांगितलेला शस्त्रक्रियेचा तपशील, आजवरचे उपचार, चालू औषधे आणि दोन्ही शल्यचिकित्सकांच्या सह्या असतील. तो आपल्या पुढील वार्षिक अधिवेशनात चर्चेला घ्यावा आणि काय ठरले ते जाहीरपणे कळवावे, ही विनंती.

कळावे.

आपला नम्र,
रुग्णहक्कांचा एक अभ्यासक